दुसऱ्याच्या अंगणातील सीमा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



राष्ट्राची सीमा म्हटली की नकाशावरील रेषा आणि तिच्यावर खडा पहारा देणारा सैनिक डोळ्यांसमोर येतो. संपन्न राष्ट्रांनी मात्र आपली सीमा त्या रेषेच्या कितीतरी पुढे नेली आहे. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या प्रवाशाचा व्हिसा मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीचा कर्मचारीच तपासतो; कारण योग्य कागदपत्रांवाचून कुणाला नेले, तर दंड कंपनीला भरावा लागतो. म्हणजे ऑस्ट्रेलियाची सीमा मुंबईतच सुरू होते. ज्याला विमानाचा मार्ग बंद होतो, तो होडीत बसतो. त्या होडीतल्या माणसाचे पुढे काय होते, याचे उत्तर प्रशांत महासागरातील नाउरू या बेटावर मिळते.

ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या होडीतून ४३३ जणांना वाचविले. त्यांतील बहुतेक अफगाणिस्तानातील हजारा समाजाचे होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. काहींना न्यूझीलंडने आश्रय दिला. उरलेल्यांची रवानगी नाउरूला झाली.

नाउरूच का? अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्र १९६८ साली स्वतंत्र झाले. फॉस्फेटच्या खाणींनी त्याला एके काळी अमाप संपत्ती दिली. पुढे खाणी सरल्या, संचित निधी गैरव्यवस्थापनात गेला आणि पोखरलेली भूमी तेवढी हाती उरली. ज्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध खाणकामाने झालेल्या हानीबद्दल नाउरूने १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली होती, त्याच ऑस्ट्रेलियाच्या पैशासाठी ते परक्यांचे बंदीगृह बनले. विकण्याजोगे एकच उरले होते : सार्वभौमत्व!

ऑस्ट्रेलियाने कायद्याचाही आधार घेतला. २००१ मध्ये ख्रिसमस बेटासारखी दूरची बेटे, आणि २०१३ मध्ये तर देशाची मुख्य भूमीच, होडीने येणाऱ्यांपुरती स्थलांतर-क्षेत्रातून वगळण्यात आली. किनाऱ्यावर पोहोचूनही माणूस कायद्याच्या दृष्टीने पोहोचलेलाच नाही! २००८ मध्ये बंद झालेली ही व्यवस्था २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. नाउरूवर मुलाबाळांसह कुटुंबांनी वर्षानुवर्षे काढली. पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरील स्थानबद्धता तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

या धोरणाची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सीमेचे रक्षण हा प्रत्येक राष्ट्राचा निर्विवाद अधिकार आहे. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर होडी फुटून सुमारे ५० जण बुडाले. माणसांची तस्करी करणाऱ्यांचा धंदा मोडला, तर असे बळी टळतील, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अधिकार आपला आणि त्याचे परिणाम दुसऱ्याच्या दारात, हा न्याय कोणता?

जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच प्रश्नावर बोट ठेवले. नाउरूवरील स्थानबद्धांच्या तक्रारींवर निर्णय देताना, दुसऱ्या देशात ठेवले म्हणून ऑस्ट्रेलियाची जबाबदारी संपत नाही, असे समितीने बजावले. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाला नको असलेल्या आणखी काही परकीयांना स्वीकारण्याचा नवा करार नाउरूशी झाला.

यातून दोन बोध मिळतात. जे राष्ट्र आपली साधनसंपत्ती उधळते, त्याला उद्या आपली भूमीही भाड्याने द्यावी लागते. स्वावलंबन हेच सार्वभौमत्वाचे खरे कवच होय. आणि दुसरा बोध बलवानांसाठी आहे. पहारेकरी भाड्याने मिळतो, परंतु उत्तरदायित्व भाड्याने देता येत नाही. दाराशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे घरधन्याने जरूर ठरवावे. मात्र ते आपल्याच उंबरठ्यावर उभे राहून, त्याचे म्हणणे ऐकून ठरवावे.