वीणा खाली न ठेवता



अखंड हरिनाम सप्ताह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा तेथील दंडक. पहारा बदलतो, वीणेकरी बदलतो. पण नव्या माणसाने वीणा गळ्यात घेतल्याखेरीज जुना ती सोडत नाही. आज आम्ही ज्या कामाविषयी बोलणार आहोत, ते याच जातीचे आहे.

आपण रात्री दोन वाजता तिकीट काढतो, पैसे पाठवतो. त्या वेळीही आपली नोंद करून घेणारी यंत्रे जागी असतात. अशा नोंदी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला डेटाबेस म्हणतात. तिची जुनी आवृत्ती काढून नवी बसवण्याचा प्रसंग दर काही वर्षांनी येतोच. दुकानदार 'आज दुकान बंद' अशी पाटी लावून रंग देऊन घेतो. येथे ती पाटी लावायची सोय नाही. गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि दुकानाची फरशी तर बदलायची आहे, असा हा पेच.

उदाहरणादाखल कॅसांड्रा हा डेटाबेस घेऊ. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो तयार केला आणि २००८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच्यात कोणी मुख्य नाही, कोणी दुय्यम नाही. समजा, सहा सर्व्हर आहेत. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या सर्व्हरांवर ठेवतात. लिहिताना तिघांपैकी दोघांनी 'पोचले' म्हटले की काम झाले. वाचतानाही दोघांना विचारायचे. दोन आणि दोन मिळून चार, आणि प्रती तर तीनच. म्हणजे लिहिणाऱ्या दोघांत आणि सांगणाऱ्या दोघांत एक तरी सामाईक असणारच. ताजी नोंद हुकत नाही ती या साध्या हिशेबामुळे.

याचाच दुसरा अर्थ असा की, एक जण रजेवर गेला तरी कोणाचे अडत नाही. न थांबता बदल करण्याची सारी युक्ती या रजेत आहे. आधी सर्व सर्व्हर धडधाकट आहेत ना, हे पाहायचे. मग एकाच्या फायलींची जशीच्या तशी नक्कल राखून ठेवायची. त्याने नवे काम घेणे थांबवायचे, स्मरणात असलेले सारे डिस्कवर उतरवायचे, मग त्याला बंद करून नवी आवृत्ती बसवायची आणि पुन्हा सुरू करायचे. तो नसताना आलेल्या नोंदींच्या चिठ्ठ्या त्याचे सोबती बाजूला ठेवतात आणि परतल्यावर त्याच्या हाती देतात. ही चिठ्ठ्यांची मुदत सामान्यतः तीन तासांची असते. रजा त्याहून लांबली, तर सर्व प्रती ताडून पाहण्याचे मोठे काम मागे लागते. तो स्थिरावला, बाकीच्या पाचांनी त्याला ओळखले, की मगच दुसऱ्याची पाळी.

हा 'मगच' शब्द आम्ही फार महाग किमतीला शिकलो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या नोंदींचे काम आमच्याकडे होते. पहिला सर्व्हर सुरू झालेला दिसला आणि पहाटेच्या आत सारे आटोपावे म्हणून आम्ही लगेच दुसरा बंद केला. पहिला सुरू झाला होता, पण कामाला उभा राहिला नव्हता. दोघांवर मिळून ज्या नोंदी होत्या, त्यांचा एकच साक्षीदार उरला. डेटाबेसने खोटे सांगितले नाही; त्याने साफ नकार दिला. खाली केसपेपरच्या खिडकीशी आलो, तेव्हा एक आजीबाई काठी टेकून उभ्या होत्या आणि कारकून त्यांना सांगत होता, 'थांबा, सर्व्हर बंद आहे.' थोड्या मिनिटांचाच प्रकार. पण नव्याच्या गळ्यात वीणा जाण्यापूर्वी ती सोडली होती ती आम्हीच.

निम्मे जुने आणि निम्मे नवे, असा मधला काळ सर्वांत नाजूक. त्या काळात तक्त्यांची रचना बदलायची नाही, नवा सर्व्हर जोडायचा नाही, प्रती ताडण्याचे कामही काढायचे नाही. शिवाय परतीची वाट राखावी लागते, कारण नव्या आवृत्तीने नव्या पद्धतीने लिहिलेली फाईल जुनीला वाचता येत नाही. २०२४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत याची तजवीज आहे. नोंदींच्या मुदतीची तारीख जुन्या आवृत्तीत २०३८ सालापलीकडे जात नसे. नवीत ती २१०६ पर्यंत जाते. परंतु नवी आवृत्ती बसताक्षणी ही सोय वापरत नाही. पहिल्या फेरीत सर्वांनी नवा अंगरखा घालायचा, पण बोली जुनीच ठेवायची. त्यात काही बिनसले, तर मागे फिरता येते. सर्व ठीक दिसल्यावर दुसऱ्या फेरीत संक्रमण आणि तिसऱ्या फेरीत नवी बोली. मागे फिरण्याचा हक्क सोडायचा, तो सर्वांत शेवटी.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, ते सांगून संपवतो. हिशेबनीस नेहमी विचारतात, 'दोन प्रतींत भागते, मग तिसरी कशाला?' उत्तर सोपे आहे. दोघांचे बहुमत दोघांचेच होते. तेथे एकालाही रजा मिळत नाही. तिसरी प्रत रोजच्या दिवशी फुकट बसल्यासारखी दिसते. बदलाच्या रात्री तिच्याच जिवावर खिडकी उघडी राहते. न थांबता बदल करण्याची ताकद त्या रात्रीच्या कौशल्यातून येत नाही, ती आधीच राखलेल्या सवडीतून येते. सप्ताहाच्या मंडपात पुढचा पहारेकरी वेळेआधी येऊन नुसता बसलेला असतो. त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.