गावाचा वळू

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, व्यसनमुक्ती आणि विवाहातील खर्च या विषयांवर विचार मांडले जातात. मी वळूचा विषय निवडला असे कळले, तेव्हा काही मंडळींना हसू आले. त्यांचा दोष नाही; मास्तराने फळ्यापुरते पाहावे, असा समज आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची चूल अजून शेतीवर पेटते, म्हणून थोडा वेळ मागतो.

प्रथम एका घोड्याची गोष्ट सांगतो. निजामी अमलातील ही हकीकत मी वडिलांच्या तोंडून ऐकलेली आहे. माझ्या आजोबांकडे एक घोडी होती. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी एक उमदा अंडील घोडा पाहून ठेवला, आणि पुढे चैत्रात घोडी माजावर येताच वाटेत मुक्काम करीत ती त्या घोड्याच्या धन्याच्या गावी नेली. धन्याने आधी घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि विचारले, "हिची आई कोणाची?" उत्तराने समाधान झाल्यावर त्याने आपल्या घोड्याचा बाप, आजा आणि पणजा तोंडपाठ सांगितले. हाली सिक्क्याचे पाच रुपये आणि नारळ घेऊन त्याने घोडी फळवून दिली. अकरा महिन्यांनी शिंगरू झाले. वडील हसून म्हणत, "तुझ्या आजोबांना स्वतःच्या पणजोबांचे नाव सांगता येत नसे, पण त्या घोड्याच्या तीन पिढ्या त्यांना पाठ होत्या."

आपल्या हिंगोलीला घोड्याची पारख नवी नव्हती. १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी येथे होती आणि तिच्या रिसाल्यात शिलेदारीची पद्धत होती. घोड्याचा भार स्वारानेच सोसावयाचा असल्याने वाईट घोडा म्हणजे पदरचे नुकसान. फौजेला घोडा हवा होता, म्हणून घोड्याचे कूळ जपले गेले. शेतकऱ्याला बैल हवा होता. त्याचे कूळ कोणी जपावयाचे? ते काम आपले होते, आणि आपण ते केले नाही.

आपल्या भागाचे धन म्हणजे लाल कंधारी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारचे नाव या वाणाला मिळाले आहे, आणि परभणी, लातूर, बीड व आपला हिंगोली हाही त्याचाच मुलूख. गडद तांबडा एकसारखा रंग, रुंद कपाळ, लांब लोंबते कान, डोळ्यांभोवती काळी कड. दुधाला ही गाय थोडी. एका वेतात सरासरी ६०० लिटरच्या आसपास. परंतु उन्हाळ्यात कोरड्या कडब्यावर तग धरावी आणि तिच्या पोटच्या बैलाने काळ्या रानात दिवसभर वखर ओढावा, ही तिची ख्याती. लातूरकडील देवणी दूध आणि काम या दोहोंना चांगली. ही वाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने घडली आहेत. एकदा संपली, तर ती कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाहीत.

आता आपली चूक पाहा. वसमत आणि हिंगोलीची हळद दूरवर जाते. हळद काढताना आपण काय करतो? उत्तम जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला काढतो आणि बाकीची हळद शिजवितो. बेणे शिजवून खाणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. परंतु गोऱ्ह्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. जो गोऱ्हा देखणा आणि ताकदीचा, तो खच्ची करून औताला जुंपतो. जो खुरटा म्हणून कोणी घेत नाही, तो मोकळा फिरतो आणि गावच्या गाई फळवितो. बेणे शिजवावयाचे आणि फोल पेरावयाचे, असा हा व्यवहार आहे.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, पण पहिला अपराधी मीच आहे. १९७४ साली मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, घरात पहिलाच. पुढल्या वर्षी आमच्या तांबड्या गाईला असा गोऱ्हा झालेला होता की वाटेचा माणूस थांबून पाही. गावच्या वृद्ध मंडळींनी वडिलांना विनविले, "हा गावासाठी राखा, चारा आम्ही देऊ." वडिलांचे मन वळले होते. मी मात्र पाटीवर हिशेब मांडला : वळूला वर्षाचा कडबा किती, आणि जोडीच्या बैलाला बाजारात किंमत किती. शिकलेल्या मुलाचा हिशेब म्हणून वडिलांनी तो मानला आणि गोऱ्हा खच्ची झाला. त्याची जोडी चांगल्या किमतीला विकली गेली. त्या पैशाचे काय झाले, हे आज मला आठवत नाही. त्या गाईच्या कालवडी मात्र मिळेल त्या वळूकडून फळत गेल्या, आणि तिच्या चौथ्या पिढीत कपाळ, कान, रंग, काहीच ओळखीचे उरले नाही. निवृत्तीनंतर तशी एक कालवड मिळावी म्हणून मी पुष्कळ गावे फिरलो, मिळाली नाही. हिशेब बरोबर होता. मांडणी चुकली होती. मी एका घराचा बैल मोजला, गावाचा बाप मोजला नाही.

खरा हिशेब असा आहे. गाय वर्ष-दीड वर्षाला एक वासरू देते. एक वळू वर्षात ५० ते ६० गाई फळवू शकतो. वासराचे निम्मे रक्त बापाचे असते. गावठी गाईला लागोपाठ शुद्ध वळू मिळाले, तर पहिल्या पिढीत रक्त निम्मे, दुसरीत पाऊण, तिसरीत आठ भागांपैकी सात भाग शुद्ध होते. उलट खुरटा वळू तितक्याच वेगाने चांगला कळप बुडवितो.

इंग्लंडात लेस्टरशायर परगण्यात रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी होऊन गेला. तो आपले उत्तम मेंढे हंगामापुरते भाड्याने इतरांना देई. नर एका घरी असला तरी त्याचा उपयोग अनेक घरांना व्हावा, ही त्यातील युक्ती. त्या देशात १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांची आणि १८२२ साली शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापली गेली. आपल्याकडे पारख होती; पण ती माळेगावच्या यात्रेतील त्या धन्याच्या जिभेवर राहिली, वहीत उतरली नाही.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम रेतन आले आहे, वळू कशाला? मी त्या विद्येच्या विरोधात नाही. गोठविलेल्या रेतमात्रेने दूरच्या उत्तम वळूचा लाभ घरबसल्या मिळतो, आणि सांसर्गिक गर्भपातासारखे रोगही टळतात. परंतु गाय सकाळी माजावर दिसली तर सायंकाळपर्यंत रेतन व्हावयास हवे, आणि आडगावी ती वेळ पुष्कळदा हुकते. शिवाय रेतमात्रेच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो आपण कधी विचारला आहे काय? आणि रेतन केंद्रातील वळूही शेवटी कोणा शेतकऱ्याच्या शुद्ध गाईच्याच पोटी यावयाचा. ती गायच उरली नाही, तर नळीत काय भरणार?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, तीन-चार गावांनी मिळून एक शुद्ध लाल कंधारी वळू पाळावा; पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी आणि २०२३ च्या गोजातीय प्रजनन कायद्याप्रमाणे काय नोंदवावे लागते ते विचारून घ्यावे. चाऱ्यासाठी प्रत्येक घराने खळ्यावरून कडब्याच्या काही पेंढ्या द्याव्यात. दुसरी, दर तीन वर्षांनी शेजारच्या गटाशी वळूची अदलाबदल करावी, म्हणजे त्याच्याच कालवडी त्याच्याकडे येणार नाहीत. तिसरी, वही ठेवावी : गाय कोणाची, वळू कोणता किंवा नळीचा क्रमांक काय, तारीख, वासरू आणि आईचे दूध. मी आयुष्यभर शाळेत मुलांचे दाखल-खारीज रजिस्टर लिहिले. ही वही लिहिण्याचे काम हात चालतो तोवर मी विनामूल्य करीन.

शेवटी एक नाजूक गोष्ट. सोयरीक जुळविताना आपण कूळ पाहतो, देवक पाहतो. या मेळाव्यातही ती चौकशी चालू आहे. माणसाची किंमत कुळावरून करू नये, असे मला चाळीस वर्षांच्या शिक्षकीने शिकविले. वर्गात मी गुण पाहिले, आडनाव पाहिले नाही. जनावराचेही कूळ मी नावासाठी पाहा असे म्हणत नाही. आईचे दूध, भावंडांचे काम आणि संततीची प्रकृती यांतून ते सिद्ध झाले पाहिजे. आणि हा वळू आपल्या ज्ञातीचा नको, गावाचा हवा. गाय कोणाच्याही दावणीची असो, वळू विचारीत नाही. चारा सर्वांचा आणि वासरेही सर्वांची, असे झाले तरच तो टिकेल.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास गेल्यावर आपण नंदीलाही हात लावून नमस्कार करतो. तो दगडाचा आहे, त्याला चारा लागत नाही. ज्याला चारा लागतो त्याचीही आठवण ठेवावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो. वही मी सोबत आणली आहे. मेळावा संपल्यावर ज्यांना पहिले नाव घालावयाचे असेल, त्यांनी मंडपाच्या दाराशी मला भेटावे.