तरवडाचं चामडं आणि ‘तारा’चा दुसरा खंड

जुन्या पुस्तकांवर एक भाग करीन असं मागेच म्हटलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं. अंबाजोगाईत बसून व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या गोळा करतं कोण? मी करतो. आणि संग्रह म्हणजे फार काही नाही बरं का. अकरा पुस्तकं, पत्र्याच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटात.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. रीलमध्ये सोनेरी अक्षरांची, चामडी बांधणीची पुस्तकं दिसतात ना, तशी ती दुकानात बहुतेक वेळा येतच नव्हती. प्रकाशक कादंबरी कापडी पुठ्ठ्यात विकायचा. पुष्कळदा तीन खंडांत, आणि तिन्हींची मिळून किंमत साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे कोण देणार? म्हणून लोक वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड आणायचे. ज्याला परवडेल तो पुस्तक बाइंडरकडे देऊन चामड्यात बांधून घ्यायचा. त्यातही काटकसर असायची. कणा आणि कोपरे चामड्याचे, बाकी पुठ्ठ्यावर रंगीत लाटालाटांचा मार्बल पेपर.

माझ्याकडे असाच एक खंड आहे. फिलिप मेडोज टेलर यांची ‘तारा’, १८६३ सालची कादंबरी. टेलरसाहेब निजामाच्या नोकरीतले. १८५३ साली नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा तिथला कारभार यांच्याकडे होता. त्यांची ठगांवरची कादंबरी १८३९ साली आली आणि गाजली. पण मला ओढ ‘तारा’ची, कारण तिची गोष्ट तुळजापूरची आहे. शिवाजी महाराज आणि अफजलखानाचा काळ, आणि नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची मुलगी. आमच्यापासून लातूरमार्गे दोन-तीन तासांवरचं गाव, आणि त्याची गोष्ट छापली गेली इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या वाचकांसाठी!

हा खंड मी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात नऊशे रुपयांना घेतला. घरी आल्यावर नीट पाहिलं तर तीन खंडांतला हा दुसराच. पहिला नाही, तिसरा नाही. संग्राहकांच्या भाषेत अशा सुट्या खंडाला भाव नसतो. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चूक निम्मी माझी.

त्यात कणा हातात धरला की बोटांना विटकरी भुगा लागायचा. शर्टाला डाग. मी काय केलं? यूट्यूबवर पाहून खोबरेल तेल आणलं आणि चोळायला बसलो.

तेवढ्यात आबा आले. माझे आजोबा, वय ब्याऐंशी. म्हणाले, “काय करायलास रं? त्याला तेल नगं पाजू. मेलंय ते.”

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. आम्ही ढोर कक्कय्या समाजातले. चामडं कमावणं हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आबांनी तरुणपणी तो केलाय. शाळेत मला कुणी विचारलं की मी ‘आजोबा शेती करतात’ असं सांगायचो. घरात त्या कामाचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. त्या दिवशी पहिल्यांदा बसून ऐकलं.

आबांनी भुगा दोन बोटांत चोळला, वास घेतला. “शेळीमेंढीचं दिसतंय. तरवडाच्या सालीत पकवलं असंल.” मग सगळी रीत सांगितली. आधी चुन्याचा हौद, मग केस खरवडणं. जाड कातडं पिशवीसारखं शिवून, आत बाभळीच्या सालीचं पाणी भरून टांगायचं. पातळ कातड्याला तरवड. आणि शेवटी हिरडा. “हिरड्याबिगर कमावणं पुरं व्हत न्हाई.”

मी रात्री मोबाईलवर शोधत बसलो. तर मंडळी, एकोणिसाव्या शतकात मद्रासकडून तरवडात कमावलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी जहाजं भरभरून लंडनला जात होती. तिथले बाइंडर त्यांना ‘पर्शियन’ म्हणायचे. इराणशी संबंध काही नाही, नावच तसं पडलं. स्वस्त म्हणून पुस्तकांना खूप वापरलं गेलं. पुढे ग्रंथालयांत कणे भुगा होऊन गळायला लागले, तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली चौकशी समिती नेमली. तिचा निष्कर्ष असा की हे चामडं पुस्तकासाठी अगदी वाईट. तरवडासारख्या सालीतलं टॅनिन दगडी कोळशाच्या आणि गॅसच्या दिव्यांच्या धुरातलं आम्ल धरून ठेवतं, आणि चामडं आतून खचतं. या रोगाला ‘रेड रॉट’ म्हणतात. हिरड्यातलं टॅनिन वेगळ्या जातीचं, ते त्या मानाने टिकतं.

आबांना हे वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “मंग हिरडा कमी घातला असंल. घाई केली कुणीतरी.”

माझ्या प्रतीचं चामडं मद्रासचंच, असा दावा मी करत नाही. पण आता पुस्तक हातात घेतलं की टेलरसाहेबांच्या आधी मला ते कातडं खरवडणारे हात आठवतात. मुखपृष्ठाच्या पानावर लेखक आहे, प्रकाशक आहे. कमावणारा नाही.

आता उपाय. तेल लावू नका. चामडं काळं पडतं, चिकट होतं, धूळ धरतं. माझा निम्मा कणा तसा झालाय, तो परत येणार नाही. जाणकार लोक ‘क्लुसेल जी’ नावाची पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या ब्रशने लावतात. भुगा जागच्या जागी बसतो. ते जमत नसेल तर आम्लरहित कागदात गुंडाळा आणि सुती फितीने बांधा. रबरबँड नको. आणि पत्र्याखाली तर अजिबात नको. आपल्याकडे मे महिन्यात त्या खोलीत माणूस बसत नाही. माझं कपाट मी आता मधल्या माळवदाच्या खोलीत हलवलंय.

रोज संध्याकाळी आबांना दोन-तीन पानं मराठी करून सांगतो. पहिला खंड नसल्यामुळे गोष्ट मधूनच सुरू झाली, आणि आबा विचारतात, “ही पोरगी इथवर आली कशी?” म्हणून मंडळी, ‘तारा’चा पहिला किंवा तिसरा खंड कुठे दिसला तर मेसेज करा. कणा गळालेला असला तरी चालेल.