एकांताचा खंड कोणाच्या पदरात?

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाची सुरुवात मी अर्थशास्त्रातील एका जुन्या संज्ञेपासून करणार आहे. ती संज्ञा म्हणजे खंड. शेतकऱ्याला खंड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जमिनीचा धनी नांगराला हात लावीत नाही, तरी पिकातील वाटा त्याच्या घरी जातो. रिकार्डोने १८१७ साली याची मीमांसा केली. सुपीक जमीन मर्यादित असते, तिची सुपीकता मालकाने निर्माण केलेली नसते. तरीही टंचाईमुळे तिच्यापासून मिळणारे आधिक्य मालकाच्या पदरात पडते. आपल्या जिल्ह्यात ताडोबाच्या सीमेवर आज अशाच एका नव्या खंडाची वसुली चालू आहे. त्याला मी एकांताचा खंड म्हणतो.

मोहर्ली आणि कोलारा या प्रवेशद्वारांच्या आसपास गेल्या काही वर्षांत श्रीमंती विश्रामस्थाने उभी राहिली आहेत. त्यांना रिसॉर्ट म्हणतात. तिथे पूर्वी माणूस वाघ पाहण्यासाठी जाई. आता त्याला शरीराला तेल लावून घेणे, पहाटेची योगासने, बेताचा सात्त्विक आहार आणि मोबाइलपासून सुटका यांचेही आमंत्रण असते. शहरात थकलेल्या जिवाला जंगलाच्या शांततेत आरोग्य मिळेल, असे त्याला सांगितले जाते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून अशा एका ठिकाणी मी दोन रात्री राहिलो आहे. झोप उत्तम लागली. जेवणात मोहफुलांचे एक पक्वान्न होते, तेही रुचकर होते. मात्र माझ्या खोलीचे दोन रात्रींचे भाडे तिथे माळीकाम करणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या मजुरीहून अधिक होते. तो माणूस शेजारच्याच गावचा. मी त्याच्याशी बोलत बसलो तेव्हा त्याने सहज विचारले, "तुमाले रात्री झोप लागते न, सर? आमाले नाही लागत." त्याच्या गोठ्याशी वाघ येऊन गेला होता.

या प्रश्नात आपल्या विषयाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. पाहुणा ज्यासाठी पैसे मोजतो ते काय असते? पोहण्याचा तलाव आणि मऊ गादी त्याला नागपुरातही मिळते. इथे तो येतो तो रात्रीच्या निःशब्दतेसाठी, पाखरांसाठी, कुंपणापलीकडे वाघ आहे या जाणिवेसाठी. यांपैकी एकही वस्तू रिसॉर्टच्या मालकाने निर्माण केलेली नाही. त्याचे भांडवल इमारतीत आहे. त्यावरचा वाजवी नफा त्याला मिळावा. परंतु नागपुरातील तशाच खोलीच्या भाड्याहून जे काही जास्त मिळते, तो अरण्याचा खंड होय.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एक महत्त्वाचा विचार मांडला. काही वस्तूंचे मोल केवळ त्या थोड्यांनाच मिळतात यात असते. सर्वांना मिळाल्या की त्यांचे मोल नाहीसे होते. एकांत ही तशी वस्तू आहे. तो विकायचा तर इतरांना दूर ठेवावे लागते. मालदीवमध्ये १९७२ साली पर्यटनव्यवसाय सुरू झाला, तेव्हापासून निर्जन बेटे एकेका रिसॉर्टला भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत पडली. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरे उघडण्याची मुभा स्थानिकांना कित्येक दशकांनंतर मिळाली. परंतु तिथे बेट मुळात निर्जन होते आणि भाडेपट्ट्याची रक्कम निदान सरकारच्या तिजोरीत जात होती. ताडोबा निर्जन नव्हते.

ताडोबा हे नावच तारू या गोंडांच्या दैवताचे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे. बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे तिथून उठली. २०१० साली भोवतालचे सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले; त्यात सुमारे ऐंशी गावे आहेत. म्हणजे आज पाहुण्याला जी निःशब्दता मिळते तिच्यात उठलेल्या गावांचा त्याग आहे, आणि राहिलेल्या गावांची जोखीम आहे.

ही जोखीम केवढी आहे? १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढा (माल) येथे तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदू, हीच गरीब घरातील रोख पैशाची वेळ. त्याच वेळी उन्हाने पाणवठे आटलेले असतात, वाघ हमखास दिसतो आणि पर्यटनाचा हंगाम भरात असतो. एकाच जंगलात, एकाच महिन्यात, एक माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो आणि दुसरी बाई वाघ दिसू नये म्हणून देवाला नवस बोलते. मृत्यूनंतर शासन २५ लाख रुपये देते. ते दिलेच पाहिजेत. पण ती रक्कम सार्वजनिक तिजोरीतून जाते. वाघाचे उत्पन्न खाजगी आणि वाघाची जोखीम सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला असा की पर्यटनामुळे रोजगार मिळतो. खरे आहे. ताडोबात गाइड आणि जिप्सीचालक म्हणून स्थानिक तरुण काम करतात. गाइड म्हणून महिलाही पुढे आल्या आहेत. पण मजुरी वेगळी आणि मालकी वेगळी. कुळालाही शेतावर काम मिळत होतेच. म्हणून आपण कुळकायदा नको म्हटले नाही. दुसरा आक्षेप असा की पर्यटन नसेल तर वाघ राहणार नाही. वाघ राहिलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. परंतु ज्याच्या गोठ्यातील गाय जाते त्याला वाघाच्या उत्पन्नात वाटा नसेल, तर तो वाघाचा मित्र कशाच्या बळावर राहील?

मग मार्ग कोणता? तो गडचिरोलीने दाखविला आहे. या जंगलातील बांबू दशकानुदशके कागद गिरणीला सवलतीच्या दराने जात होता आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येत होती. वनहक्क कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळेना. २०११ साली केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबूचा भाव ग्रामसभा ठरवू लागली. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली असाच हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी आणि जंगल जाळावे लागते. मालकी हाती आली म्हणजे गाव जंगल ओरबाडते, या भीतीला पाचगावने उत्तर दिले आहे.

बांबूला जो न्याय लागला तोच एकांताला लागला पाहिजे. म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पर्यटनव्यवसायाकडून संवर्धन-शुल्क घेऊन ते स्थानिकांसाठी वापरावे असे म्हटले आहे. ते खोलीच्या भाड्याच्या प्रमाणात घ्यावे आणि थेट ग्रामसभांच्या कोषात जमा करावे. नवे रिसॉर्ट बांधण्यापूर्वी, त्याच्या खोल्या आणि विहिरींच्या संख्येसह, ग्रामसभेची संमती आवश्यक ठरावी. बफरमधील गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढावेत. आणि पाहुण्यांसाठी गावाच्या सहकारी संस्थांनी चालविलेली निवासस्थाने उभी करायला बँकांनी कर्ज द्यावे, म्हणजे साध्या शिक्षकाला आणि कामगारालाही चार दिवस या जंगलात विसावा घेता येईल. विश्रांतीची गरज काही श्रीमंतांचीच नाही.

मित्रहो, थकलेल्या माणसाने जंगलात येऊन बरे व्हावे, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपला आग्रह एवढाच की त्याच्या शांत झोपेची किंमत शेजारच्या गावाने जागून मोजू नये. पुढच्या महिन्यात आपण बफरमधील गावांत जाणार आहोत. तिथे भाषणे करण्याआधी प्रत्येक ग्रामसभेत एकच हिशेब मांडा: आपल्या जंगलाच्या नावावर वर्षाकाठी किती पैसा येतो, आणि त्यातला किती या गावात उतरतो. पुढचा ठराव लोक स्वतःच लिहितील.