वाचली ती 24 मिनिटं

तुमच्या एकांकिका आणि लघुपटांना आज बक्षिसं मिळाली, मनापासून अभिनंदन. मला मात्र तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याचं काम पुरं होऊनही लोकांपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. त्यांचं नाव अहमद बुआनानी.

मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात 1938 साली त्यांचा जन्म झाला. पॅरिसला चित्रपटाचं शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. 1968 मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळातलं कासाब्लांका एका लघुपटात टिपलं.

मग आला 'मेम्वार 14'. फ्रेंच राजवटीतली जुनी चित्रफीत त्यांनी गोळा केली. कॅमेरा राज्यकर्त्यांचा, त्यामुळे नजरही त्यांचीच. बुआनानींनी तीच दृश्यं नव्यानं जुळवली, स्वतःच्या कवितेचा आधार घेतला आणि ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांची आठवण त्यातून बोलती केली. मला हे धाडस कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं. स्वतंत्र झालेल्या देशाच्या सेन्सॉरला मात्र ते सोसलं नाही. 108 मिनिटांच्या चित्रपटाची 24 मिनिटं उरली. उरलेल्या भागातही ती धग जाणवते, हे मी पाहून सांगतोय.

दिग्दर्शनाच्या संधी आटल्या, तेव्हा ते संकलनाच्या टेबलावर बसले. हमीद बेनानी यांच्या 'वेश्मा' या 1970 च्या महत्त्वाच्या चित्रपटाचं संकलन त्यांचंच आहे. दुसऱ्याच्या चित्रपटासाठी इतका जीव ओतणं सोपं नसतं. स्वतःचा पूर्ण लांबीचा एकच चित्रपट त्यांना करता आला, 1979 चा 'मृगजळ'. त्यात एका गरीब माणसाला पिठाच्या पोत्यात नोटा सापडतात आणि तो शहराकडे निघतो.

लेखणी मात्र थांबली नाही. कविता, 1990 मध्ये आलेली 'इस्पितळ' ही कादंबरी, शिवाय मोरोक्कोच्या चित्रपटांचा अख्खा इतिहास. 2011 मध्ये ते गेले. तो इतिहास ग्रंथरूपात आला 2020 साली. त्यांच्या कागदपत्रांना जपण्याचं काम त्यांची मुलगी करते आहे.

प्राचार्य महोदय, एक विनंती. महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात या वर्षी 'मेम्वार 14' जरूर दाखवावा. नंतर चर्चेला पुरेसा वेळ ठेवावा. बोलावलंत तर मीही येईन.