पॉलिशच्या बाटलीचं बूच

(दुबईत सोनापूरच्या कॅम्पात एका रविवारी संध्याकाळी केलेल्या बोलण्याचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, थोडी काटछाट केली आहे.)

उद्या पहाटे साडेचारला बस आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे लांबण लावत नाही.

माझ्या हातात काय आहे ते मागच्यांना दिसतंय का? बाटली आहे, आणि तिच्या तोंडावर हे स्पंजचं बूच. तुमच्यापैकी जे शाळेत पांढरे कॅनव्हासचे बूट घालून कवायतीला गेलेत, त्यांना हे लगेच ओळखू येईल. बुटाच्या पांढऱ्या रंगाच्या बाटलीला असंच बूच असायचं. बाटली उलटी करायची, स्पंज बुटावर दाबायचा, रंग उतरायचा. हाताला काही लागायचं नाही. आमच्या घरी वडिलांच्या काळ्या बुटांसाठीपण तसलीच बाटली होती. त्या बाटलीने मला शाळेत काही शिकवलं नाही, पण इथं आल्यावर शिकवलं.

मी सुपरवायझर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा, अकरा वर्षं इथं, त्यातली सहा फिनिशिंगच्या कामात. म्हणजे दरवाजे, कठडे, पॅनेलिंग, लाकडाचं पॉलिश. तुमच्या टाइमशीटवर सही करणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यात थोडं माझ्याविरुद्धपण आहे.

आपल्याकडे पॉलिशचं काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. स्टोअरमधून थिनरचा किंवा स्पिरिटचा मोठा डबा येतो. वीस लिटरचा डबा घेऊन कोण बाराव्या मजल्यावर फिरणार? मग पाण्याची रिकामी अर्ध्या लिटरची बाटली घ्यायची, त्यात भरायचं, झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं, आणि कापडाच्या बोळ्यावर ओतत ओतत काम करायचं. दुबईच्या कुठल्याही साइटवर जा, हेच दिसेल. मीसुद्धा हेच करायला सांगत होतो. स्टोअरवाल्याला मीच म्हटलं होतं, रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, पॉलिशवाल्यांना दे.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये काय झालं ते सांगतो. दुपारी साडेबारा ते तीन कामबंदी असते, १५ जून ते १५ सप्टेंबर, ती उन्हातल्या आणि उघड्यावरच्या कामाला. आम्ही बिल्डिंगच्या आत, त्यामुळे आमचं काम चालू. एसी अजून सुरू नव्हता. नांदेडकडचा एक हेल्पर, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, शिडीवरून उतरला, खिडकीत ठेवलेली बाटली उचलली आणि तोंडाला लावली. त्याच खिडकीत पाण्याच्या तीन बाटल्या होत्या आणि थिनरची एक. चारही सारख्याच. थिनर पाण्यासारखंच दिसतं. वास? दिवसभर त्याच वासात काम करणाऱ्या माणसाच्या नाकाला तो वास कळेनासा होतो.

एकच घोट गेला. तो ठसकला, खोकायला लागला. बाकीच्यांनी चांगल्या मनाने त्याला मिठाचं पाणी पाजलं, उलटी व्हावी म्हणून. आणि तिथंच जास्त बिघडलं. हे नीट ऐका, कारण हे कुणावरही येऊ शकतं. थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल असलं काही पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. उलटीबरोबर ते परत वर येतं आणि फुप्फुसात जातं, आणि फुप्फुसात गेलेलं पोटात गेलेल्यापेक्षा वाईट. तोंड धुवा, बसवून ठेवा, ९९८ ला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा, आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो डॉक्टरला दाखवा. स्पिरिट प्यायलं गेलं असेल तर वाट बघतच बसायचं नाही. त्यात बहुतेक वेळा मिथेनॉल मिसळलेलं असतं. सुरुवातीला माणूस बरा वाटतो, आणि काही तासांनी डोळ्यांवर येतं. महाराष्ट्रात विषारी दारूने माणसं आंधळी झाल्याच्या, मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, ते हेच.

पोरगा नऊ दिवस हॉस्पिटलात होता. वाचला.

आता माझा भाग. तिसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसमधून कागद आला. आधीच टाइप केलेला. कारण या रकान्यात लिहिलेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली. वाचून केली, न वाचता नाही. मनाला सांगितलं, खल्लीवल्ली, फॉर्मच तर आहे, पोरगा तर बरा होतोय.

महिनाअखेरीला त्याच्या पगारातून नऊ दिवस कापले. तो माझ्या केबिनमध्ये आला, भांडायला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एकच विचारतो, बाटलीत थिनर भरायला कुणी सांगितलं होतं?"

त्या रात्री मी कायदा उघडून वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. इथला कामगार कायदा २०२१ चा ३३ नंबरचा आहे, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात साधं लिहिलंय. कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाचा. उपचार चालू असेपर्यंत पूर्ण पगार, जास्तीत जास्त सहा महिने. त्यानंतरही बरं वाटलं नाही तर पुढचे सहा महिने अर्धा पगार. मालकाची सुटका कधी होते? कामगाराने मुद्दाम स्वतःला इजा केली, दारू किंवा नशेत होता, किंवा दिसेल अशा ठिकाणी लावलेले सुरक्षेचे नियम त्याने जाणूनबुजून मोडले, असलं काही असेल तर. तहान लागली म्हणून चुकीची बाटली उचलणं यात कुठं बसतं? आमच्या मजल्यावर त्याबद्दल कसलाही नियम लावलेला नव्हता. उलट नियम मीच मोडला होता.

मी दुसरं पत्र लिहिलं. बाटली माझ्या सांगण्यावरून भरली होती, तिच्यावर लेबल नव्हतं, पाण्याच्या शेजारी ठेवायला मनाई केलेली नव्हती. पोराला पैसे परत मिळाले. मला त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही. मी मोठं काही केलं असं समजू नका. पहिली सही माझीच होती.

म्हणून आधी हे सांगतो. असा कागद पुढे आला आणि भाषा कळत नसेल, तर सही करायची नाही. "वाचून घेऊन करतो" म्हणायचं, मोबाइलने फोटो काढायचा. आधीच सही झाली असेल तरी घाबरू नका, आपण दुसरा कागद लिहू शकतो. मंत्रालयाचा तक्रारीचा आणि सल्ल्याचा नंबर ८००८४, हिंदीत बोलता येतं.

आता बुचाकडे येऊ.

मला वाटलं, लेबल लावा, मार्करने लिहा, एवढ्याने भागेल. नाही भागलं. मार्करची शाई थिनरच्या हाताने एका दिवसात पुसली जाते. कागदाचं लेबल भिजून निघतं. आणि आपल्या टीममध्ये मराठी, बंगाली, नेपाळी, पठाण, लिहायचं कोणत्या भाषेत? बाटलीच अशी पाहिजे की अंधारात हाताला लागली तरी कळावं, ही प्यायची नाही. तेव्हा ती बुटाची बाटली आठवली. स्पंजचं बूच लावलेली बाटली कुणी तोंडाला लावत नाही. लावलीच तर ओठाला आधी स्पंज लागतो. देऱ्याच्या बाजारात रिकाम्या मिळतात, दोन-तीन चहांच्या पैशात.

हे चालतं कसं ते बघा. हे साधं, वर स्पंज आणि खाली भोक. आणि हे दुसरं, यात आत स्प्रिंग आहे. दाबलं की खालचा दट्ट्या मागे सरतो, वाट उघडते, पॉलिश स्पंजात उतरतं. उचललं की बंद. साधं बूच सतत झिरपतं आणि बाटली आडवी पडली की सांडतं, म्हणून स्प्रिंगवालंच घ्या. काम करताना बाटली आत ओढल्यासारखी चेपली आणि पॉलिश यायचं थांबलं, तर बूच खराब नाही. बाहेर गेलेल्या पॉलिशच्या जागी हवा आत गेलेली नसते. बाटली सरळ करून एकदा बोटाने दाबा, हवा जाईल.

पण सगळ्या पॉलिशला हे चालत नाही, आणि यात मी स्वतः फसलोय. पहिल्या आठवड्यात हौसेने सगळ्यांना वाटली. लाखेच्या पॉलिशला, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याला, मस्त चालली. एनसी लॅकरवाल्यांच्या बुचाचा स्पंज संध्याकाळपर्यंत फुगून लोंबायला लागला आणि दरवाज्याला त्याचे तुकडे चिकटले. आठ दरवाजे परत घासले. लॅकरच्या थिनरमध्ये टोल्युइन, अॅसिटोन असतं, ते स्पंजाला सोडत नाही. तिथं लोकरीच्या नमद्याचं डोकं लागतं. पातळ पाण्याची बाटलीसुद्धा अॅसिटोनने पांढुरकी होऊन तडकते, म्हणजे आपण जी जुनी पद्धत वापरत होतो ती तशीही फुटणारीच होती. नवीन पॉलिश आलं की बुचाचा स्पंज वाटीभर पॉलिशमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी जसाच्या तसा असेल तर वापरा.

कामाचं म्हणाल, तर पट्ट्या, कडा, कठडे, टचअप याला हे उत्तम. अख्ख्या दरवाज्याच्या पानाला नाही. तिथं आपला कापूस गुंडाळलेला कापडाचा बोळाच बरा, नाहीतर स्प्रे. पहिला दाब पुठ्ठ्यावर द्या, कारण सुरुवातीला जास्त उतरतं, आणि मग लाकडाच्या रेषेने न थांबता ओढा. मध्ये थांबलात तर डाग पडला.

एका दादांनी विचारलं, हातमोजे मग नकोत ना? पाहिजेत, दादा. बूच लावल्यावर हात थिनरमध्ये बुडत नाही एवढंच. पण मोजे कुठले ते बघा. पिवळे लॅटेक्सचे मोजे थिनरमध्ये फुगतात आणि आत गेलेलं थिनर दिवसभर हातावर धरून ठेवतात. ते न घातलेले बरे. नायट्राइलचे स्पिरिटला चालतात, अॅसिटोनला फार वेळ टिकत नाहीत. प्रत्येक पॉलिशचा एक कागद असतो, एमएसडीएस म्हणतात, त्यात कुठले मोजे ते लिहिलेलं असतं. तो साइटवर असायलाच पाहिजे, मागा. इंग्रजी येत नसेल तर डब्यावरची लाल चौकटीतली चित्रं बघा. ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. माणसाच्या छातीवर चांदणी म्हणजे शरीरात आत हळूहळू नुकसान करणारं. आणि काम झाल्यावर थिनरने हात धुवायची सवय सोडा. कातडीचं तेल निघून जातं, मग भेगा पडतात, मग त्या भेगांतून तेच थिनर आत. साबण-पाणी, नाहीतर खोबरेल तेलाने पुसून मग साबण.

आगीचं दोन वाक्यांत. टोल्युइनची वाफ साधारण ४ अंशांपासून पेट घेऊ शकते, स्पिरिटची १३ च्या आसपास, अॅसिटोनची तर शून्याच्या खाली २० ला. इथं ४५ असतं. म्हणून बाटली पाऊणच भरा, उन्हात ठेवू नका, आणि जुन्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं काम थिनरच्या आसपास कधीही नको. अळशीच्या तेलाच्या पॉलिशची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटतात, काडी लागत नाही. ती पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

शेवटचं, आणि हे मला सांगायला जड जातंय. बूच आल्यावर काम पटापट व्हायला लागलं. आधी एक जोडी शिफ्टला चौदा दरवाज्यांच्या कडा करायची, आता वीस व्हायला लागल्या. मी खूश होऊन रिपोर्टमध्ये लिहिलं. पुढच्या महिन्यात वरून टार्गेट आलं, चोवीस. आणि मोज्यांची मागणी कापली, म्हणे आता हात लागतच नाही. म्हणजे तुमच्या हातासाठी आणलेली वस्तू तुमच्याच मानेवर बसली. चोवीस मी मान्य केलं नाही, वीसवर अडवलंय, अजून भांडण चालू आहे. मोजे परत मिळाले. पण माझ्यासारखा सुपरवायझर सगळीकडे असेल असं नाही, आणि मीसुद्धा रोज तसा असेन असं नाही. त्यामुळे तुमच्या साइटवर बूच आलं की पहिल्या दिवसापासून आपसात ठरवा, मोजे सोडायचे नाहीत आणि आकडा कुणी एकट्याने वाढवून दाखवायचा नाही. तरणी पोरं जोशात करतात, त्यांना आधी समजवा.

तो नांदेडचा पोरगा आता अबूधाबीला आहे, पॉलिशच सोडलं त्याने, टाइल्सच्या कामाला लागला. फोन करतो अधूनमधून.

पिशवीत वीस बुचं आहेत. दहा स्पंजची, दहा नमद्याची. ज्यांचं लाखेचं काम आहे ते या बाजूला या, लॅकरवाले त्या बाजूला. पैसे नकोत, फक्त पंधरा दिवसांनी कसं चाललं ते सांगा. आणि कुणाच्या खोलीत पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवलेलं असेल, बूट पुसायला किंवा डाग काढायला, तर जाताना मला दाखवा. आत्ता जाऊन बघू.