अहिवाऱ्याचा समुद्र



समुद्रावर काम करणाऱ्या माणसाला छत्तीसगडमधल्या अहिवाऱ्यात कशाला बोलावलं, असं आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. कोणत्याही दिशेला निघा, किनारा शेकडो किलोमीटर लांब. पण समुद्र तुमच्या पायाखालीच आहे. इथल्या नंदिनीच्या खाणीतला चुनखडक म्हणजे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ समुद्राचा तळ. त्या दगडात पातळ थर एकावर एक चढून झालेले घुमट दिसतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. नीलहरित जीवाणूंचा चिकट थर, त्यावर बसलेला गाळ, मग उजेडासाठी गाळाच्या वर सरकलेले जीवाणू आणि पुन्हा गाळ, असे ते घडले. त्या काळी एकही मासा पृथ्वीवर नव्हता. हे जीवाणू मात्र ऊन खात होते आणि प्राणवायू सोडत होते. आज हाच चुनखडक भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीत लोहखनिजातला कचरा वेगळा करायला जातो. १९५९ पासून भिलाईत जे लोखंड ओतलं गेलं, त्यात त्या समुद्राचा हात आहे. भंडारा-गोंदियाकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली तुमची घरं याच खडकाच्या आधारानं उभी राहिली.

आजचा समुद्रही तुम्हाला जोडलेला आहे. इथल्या नाल्यांचं पाणी शिवनाथला जातं, शिवनाथ महानदीला मिळते, महानदी हिराकूड ओलांडून पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात शिरते. पाण्याबरोबर छत्तीसगडची मातीही निघते, पण १९५७ साली बांधून झालेल्या हिराकूडच्या धरणात ती बरीचशी अडते. मुखाशी पोचणारा गाळ कमी झाला की किनाऱ्याची झीज भरून निघत नाही. तिथून उत्तरेला केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाची गावं होती. समुद्र त्यांची जमीन खात गेला आणि शेवटी माणसांना आत बागपटियाला नेऊन वसवावं लागलं. या झिजेत अडलेल्या गाळाचा वाटा किती, लाटांचा किती, वाढत्या पाणीपातळीचा किती, हे ठरवायचं तर नदीच्या दोन्ही टोकांची माणसं लागतात. हे वरचं टोक तुमचं आहे.

आता समुद्रावरच्या कामाचं स्वरूप सांगतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासत आले आहेत. खोली पंचवीस-सव्वीस मीटर, किनाऱ्यावरून तासाभराच्या अंतराची जागा. सप्टेंबरमध्ये तिथं काय दिसतं ते बघा. वरच्या पाण्याची आणि तळाजवळच्या पाण्याची अशा दोन बाटल्या भरतात. रबरी नळी बाटलीच्या बुडाशी टेकवून पाणी हळूच सोडायचं, बरंचसं वाहून जाऊ द्यायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कली मिसळलेलं पोटॅशियम आयोडाइड घालून बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. वरच्या पाण्याच्या बाटलीत तपकिरी साका बसतो, कारण तिथं प्राणवायू आहे. तळाच्या पाण्याच्या बाटलीत साका पांढराच राहतो. प्राणवायू संपलेला. कधी कधी तिथल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा.

पुढचं काम तुम्ही बी.एस्सी.ला केलेलं आहे. आम्ल घातलं की आयोडीन सुटतं, स्टार्चनं निळं होतं आणि ब्युरेटमधून हायपो थेंबथेंब सोडला की निळं नाहीसं होतं. नकोसा वाटणारा तो प्रॅक्टिकलचा तास समुद्रावर असा उपयोगी पडतो! नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खालचं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं पसरतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. त्यात वरून मेलेलं प्लवक पडत राहतं आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. तळाजवळची मासळी तिथं टिकत नाही. हे दरवर्षी होतं, पण वाढतंय का, किती दिवस टिकतं, कोणत्या वर्षी जास्त झालं, याचं उत्तर फक्त लांबलचक नोंदवहीतच असतं. २००० साली सय्यद वजीह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की या प्राणवायू संपलेल्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. गोव्यातल्या पाण्याच्या बाटल्यांनी साऱ्या जगाच्या हवामानाच्या हिशोबात अशी भर घातली.

म्हणूनच मला क्षेत्रीय प्रयोगशाळा फार मोलाची वाटते. रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र घ्या, किंवा तामिळनाडूत वेल्लार नदीच्या मुखाशी असलेलं अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र घ्या. दाराबाहेर पाऊल टाकलं की खाडी, खडप, कांदळवन. तिथं घड्याळाआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप मागे हटते आणि एरवी पाण्याखाली असणारं खडप दोन-तीन तास उघडं पडतं. भांगाच्या दिवसांत ते मिळत नाही. मग पहाटे चार असोत की रविवार असो, चौकट टाकून कालवं आणि शेवाळ मोजायचीच. तांडेल नको म्हणाला तर होडी बाहेर काढायची नाही, तुमची पीएच.डी. कितीही अडलेली असो.

आतल्या मुलखातून आलेल्या माणसाला हे जमतं का? अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, तुमच्याच रेल्वेमार्गावरचा. वडील अप्पासाहेब पंत परराष्ट्र सेवेत होते, घरात मोकळीक होती, हे खरं. ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे प्लवकांवरचं पुस्तक हाती पडलं आणि त्या समुद्राकडे वळल्या. पुण्यातून बी.एस्सी., हवाई विद्यापीठातून एम.एस., लंडनमध्ये समुद्री शैवालांवर पीएच.डी., आणि मग गोव्याची संस्था. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर उतरल्या. या दोघी भारतीय मोहिमेतून तिथं पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. मुलीला बोटीवर कसं पाठवायचं, असा विचार करणाऱ्या पालकांनी हे साल लक्षात ठेवावं.

धीर धरणाऱ्याला समुद्र काय देतो त्याचं अलीकडचं उदाहरण आहे. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला कुणी संशोधकानं धातूचा बिल्ला लावला, क्रमांक ०३२३३. असे हजारो बिल्ले लावले जातात, बहुतेक पुन्हा कधीच दिसत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये हीच कासवीण अंडी घालायला रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूवर चढली. श्रीलंकेला वळसा घातला असेल तर सुमारे ३,५०० किलोमीटरचा प्रवास. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा समज तेव्हापासून डळमळला. हे घडलं ते दोन्ही टोकांना रात्री किनाऱ्यावर गस्त घालणारी माणसं होती म्हणून.

आता पोटापाण्याचं. एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे. पुढं सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवलीत तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. त्यानंतरची वाट मात्र अरुंद आहे, हे पालकांसमोरच सांगितलेलं बरं. कायमच्या जागा थोड्या निघतात आणि पीएच.डी.नंतर बऱ्याच जणांना एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर जावं लागतं. मला याचा राग येतो. दोन-तीन वर्षांच्या मंजुरीवर वीस वर्षांची नोंदवही चालत नाही. माणूस गेला की बाटली भरण्याची त्याची सवय जाते आणि नोंदींच्या रांगेत भोक पडतं, ते नंतर कितीही पैसे टाकले तरी बुजवता येत नाही. लांब नोंदींसाठी कायमची माणसं नेमली पाहिजेत, हे मी प्रत्येक समितीत सांगत आलो आहे आणि सांगत राहीन. तुम्ही आलात तर हे मागणारं बळ वाढेल.

पण त्याआधी एक काम इथूनच सुरू करता येईल. तुमच्या रसायनशास्त्र विभागात हायपो आहे, स्टार्च आहे. मँगनीज क्लोराइड आणि बूच घट्ट बसणाऱ्या बाटल्या तेवढ्या मागवा. शिवनाथवर, धमध्याच्या बाजूला, पाय सुरक्षित ठेवता येतील अशी एक जागा ठरवा आणि दर पंधरवड्याला त्याच जागी पाणी घ्या, उगवतीला एकदा आणि दुपारी तीनला एकदा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री वापरतं, म्हणून दोन्ही आकडे वेगळे येतील. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही, हे शाईनं लिहा. चुकलेला आकडा खोडू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. वर्षाची वही भरली की मला पाठवा. मी ती पानन्‌पान वाचेन आणि उत्तर देईन.